यंत्राआधी हात

बडनेऱ्यासारख्या गावात स्तनाचा कर्करोग वेळेत सापडायचा तर आधी मॅमोग्राफीचं यंत्र हवं, असं वाटणं साहजिक आहे. पुरावा मात्र थोडा वेगळा आहे आणि तो आपल्याच राज्यातला आहे. टाटा मेमोरिअलने १९९८ साली मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, हातांनी स्तन तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

हाताला लहान गाठ लागत नाही, हा आक्षेप खराच. पण तरुण स्तनांची ऊती दाट असते, तिथे मॅमोग्राफीही चकते. शिवाय फिल्म वाचणारा जाणकार लागतो, तो यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. म्हणून त्यांना दिलासा देण्याची घाई नको. नवी गाठ, आत ओढलेली त्वचा किंवा बोंडीतून रक्त दिसलं की लगेच दाखवावं. तपासणीसाठी गाठीचा सुईने तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. उलट त्याच तुकड्यावरून हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ (HER2) प्रथिन यांची तपासणी होते आणि शस्त्रक्रिया आधी की औषधं, हे बरंचसं तिथेच ठरतं.