संवादातला शिष्य कोण लिहितो?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, धर्मश्रद्धा तर्कानं, चर्चेनं शिकवता येते का?" त्याला सरळ हो किंवा नाही म्हणण्याऐवजी आज मी १८३९ सालच्या एका पुस्तकाची हकिगत सांगतो.

जॉन म्यूर हे ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी, स्कॉटलंडचे. संस्कृतवर जीव. ख्रिस्ती धर्म पंडितांना सांगायचा तर त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या रीतीनं सांगावा, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी 'मतपरीक्षा' लिहिली, संस्कृत श्लोकांत, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात. शिष्य विचारतो, खरं मत ओळखायचं कसं? गुरु कसोट्या सांगतो: संस्थापकाचं अलौकिक सामर्थ्य, शास्त्राचं पावित्र्य, आणि ते शास्त्र सगळ्या माणसांसाठी असणं. मग धर्ममतं त्या कसोट्यांना लावली जातात आणि एकच उत्तीर्ण होतं. त्या काळच्या मिशनरी पत्रकांच्या मानानं भाषा पुष्कळच सभ्य आहे.

पण गोम अशी, की शिष्यही म्यूरनीच लिहिलेला. गुरूजवळ ज्याचं उत्तर तयार आहे तेवढंच तो विचारतो. (हसू नका. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच केलं. "काही शंका?" म्हणायचं आणि लगेच फळ्याकडे वळायचं.)

खरे शंका विचारणारे पुस्तकाबाहेरून आले. तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरं लिहिली. त्यांतलं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे नीलकंठशास्त्री गोरे यांचं. काशीत वाढलेले चित्पावन, वय जेमतेम वीस. त्यांचा पहिला घाव कसोट्यांवरच आहे. शास्त्राची परीक्षा तर्कानं करणारे तुम्ही कोण? एकाचा तर्क दुसरा हुशार माणूस मोडतो; श्रद्धा आधी, तर्क तिच्या मागून. हे वेदान्त्याला शोभणारंच उत्तर झालं. दुसरा मुद्दा मात्र आतपर्यंत जातो. पूर्वजन्म नाही म्हणता, मग जन्मतःच दुःख भोगणाऱ्या मुलाचं काय? त्यानं कोणतं पाप केलं? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या चुकीला कायमचा नरक, हा कुठला न्याय? म्यूरच्या शिष्याला हे सुचलं नव्हतं.

आता पुढचं ऐका. हेच नीलकंठशास्त्री काशीतल्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे जात राहिले. गेले होते ते त्याला खोडून काढायला. बोलणं लांबत गेलं, आणि १८४८ साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे झाले. धर्मांतर म्हटलं की तुमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते, मला दिसतंय. तुम्हाला ते पटावं असा माझा आग्रह नाही. मी फक्त त्या बैठकीकडे बोट दाखवतो. समोरचा माणूस कुठल्याही दिवशी उठून जाऊ शकत होता. राहिला तर जात आणि गोत पणाला लागणार होतं. अशा माणसाशी बोलताना गुरूला आपल्या सोयीचे प्रश्न निवडता येत नाहीत. आणि तर्कानं श्रद्धा निर्माण केली असंही मी म्हणणार नाही. गोऱ्यांच्या मनातल्या शंका बाप्तिस्म्यानंतरही त्यांना छळत राहिल्या. वाटेतले अडथळे तर्क बाजूला करतो, फार तर एवढंच.

तर्क अपुरा म्हणणाऱ्या याच माणसानं पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांचं तर्कानंच खंडन केलं, १८६० साली, हिंदीत. त्यातलं वेदान्ताचं खंडन मला मान्य नाही. पण प्रतिपक्ष त्यांना घरातून माहीत होता, हे पानोपानी कळतं.

गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच शिकवणाऱ्यांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली: त्रैक्य कशावरून, चर्चचा अधिकार कुणी दिला? सिस्टर जेराल्डिन यांना त्यात गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांचं म्हणणं निराळं होतं. या बाईंना विचारू द्या, दडपू नका, अशी त्यांची भूमिका. विद्यार्थिनी एकच, शिक्षिका दोन.

तो सगळा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपानं छापला गेलाय, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली. ग्रंथालयात मिळाला तर चाळून या. पुढच्या खेपेला त्रैक्यावरच्या पत्रांपासून सुरुवात करू.