स्पंजातली वस्ती

नव्या टाकीत पाणी नितळ दिसतं आणि तरीही मासे वर येऊन धापा टाकतात, याचं कारण बहुधा अमोनिया असतो. तो कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत पाण्यात उतरतो, पण डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या विषारी नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे दुसरं काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात, हे १९९८ मध्ये संशोधनातून पुढे आलं. कचरा अडवणं हे फिल्टरचं दुय्यम काम. या जिवाणूंना बसायला जागा आणि भरपूर प्राणवायू देणं हे पहिलं. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

या कसोटीवर दुकानातला सगळ्यात स्वस्त स्पंज फिल्टर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. एअर पंपाची हवा नळीतून वर चढते, आपल्याबरोबर पाणी ओढते आणि ते पाणी स्पंजाच्या छिद्रांतून गाळून येतं. पाण्यात एकही फिरता भाग नाही, त्यामुळे गप्पींची पिल्लं आत खेचली जात नाहीत. वीज गेली तर बॅटरीवरच्या छोट्या पंपावरही तो चालतो. पंपाची घरघर मात्र रात्री ऐकू येते.

काठावर टांगायचा हँग-ऑन फिल्टर शांत आणि सोयीचा. पण त्याचं कार्ट्रिज दर महिन्याला बदलायचा सल्ला मला पटत नाही. त्याबरोबर अर्धीअधिक वस्ती कचऱ्यात जाते. मोठ्या टाकीला, विशेषतः खूप घाण करणाऱ्या गोल्डफिशना, कॅनिस्टरच हवा. त्यात स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या भरपूर मावतात. मात्र तो बंद डबा आहे. वीज काही तास गेली की आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते कुजकं पाणी थेट टाकीत येतं. भारनियमनाच्या गावात हा विचार आधी करावा. खडीखालचा अंडरग्रॅव्हल फिल्टर मी आता कुणाला सुचवत नाही; त्याच्याखाली साचलेला गाळ काढायला टाकीच उपसावी लागते.

फिल्टर कोणताही घ्या, त्याचा स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच तो हलका पिळा.