नोंदवहीवरचा पहारा

शिडाच्या जहाजांच्या काळात जहाजाचा वेग मोजण्याची एक साधी युक्ती होती. दोरीला बांधलेली लाकडाची एक फळी खलाशी जहाजाच्या मागच्या बाजूने पाण्यात टाकीत. फळी पाण्यावर जवळजवळ एका जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोरी खलाशाच्या हातातून सुटत जाई. दोरीला सुमारे ४७ फुटांच्या अंतराने गाठी मारलेल्या असत. २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकतील, तितके 'नॉट' जहाजाचा वेग! या फळीला इंग्रजीत 'लॉग', म्हणजे ओंडका, म्हणत. हा वेग ज्या वहीत लिहून ठेवीत ती वही म्हणजे 'लॉग-बुक'. पुढे तिच्यात वारा, दिशा, वादळ, आजारी खलाशी अशा सगळ्याच गोष्टींची नोंद होऊ लागली.

संगणकाने हा शब्द खलाशांकडून घेतला आहे. संगणकावर चालणारी प्रत्येक महत्त्वाची आज्ञावली आपण काय केले, केव्हा केले आणि काय बिघडले हे एका फाईलमध्ये ओळीओळीने लिहीत जाते. तिला लॉग फाईल म्हणतात. तिच्यातील ओळी साधारण अशा असतात :

१४ जुलै, ०२:१३:०७ – प्रवेश – परवलीचा शब्द चुकला – पत्ता १९८.५१.१००.२३
१४ जुलै, ०२:१३:०९ – प्रवेश – परवलीचा शब्द चुकला – पत्ता १९८.५१.१००.२३
१४ जुलै, ०२:१३:११ – प्रवेश – परवलीचा शब्द चुकला – पत्ता १९८.५१.१००.२३

रात्री सव्वादोनच्या सुमारास कोणी तरी दर दोन सेकंदांनी कुलपाला नवी किल्ली लावून पाहत आहे, हे या तीन ओळी वाचणाऱ्याला लगेच कळेल. पण त्या वेळी वाचणारा जागा कोठे आहे? सकाळी दहा वाजता ही नोंद वाचून काय उपयोग? तोवर कुलूप उघडलेलेही असेल.

पाऊण डॉलरचा हिशेब

अशा नोंदी वेळीच वाचण्याचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील एका घटनेवरून चांगले कळते. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात नुकताच कामाला लागला होता. संगणक कोणी किती वेळ वापरला याच्या तेथील हिशेबात ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक येत होता. तो का येतो, हे शोधण्याचे किरकोळ काम त्याच्याकडे आले. शोध घेता घेता त्याच्या ध्यानात आले, की हिशेबाची आज्ञावली बरोबर आहे. कोणी तरी परका मनुष्य दूरध्वनीच्या तारेवरून आत येऊन संगणक वापरत आहे.

स्टोलने बाहेरून येणाऱ्या तारांना छापणारी यंत्रे जोडली. चोर जे जे टाईप करी ते कागदावर उमटू लागले. पण रात्रंदिवस कागदाकडे डोळे लावून कोण बसणार? म्हणून त्याने अशी व्यवस्था केली, की चोर वापरत असलेल्या नावाने कोणी आत आले की आपल्या खिशातले पेजर वाजावे. पेजर वाजला की स्टोल धावे आणि चोर तारेवर आहे तोवरच त्याचा माग काढण्याची खटपट सुरू होई. हा माग महिनोन् महिने चालला आणि शेवटी तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत, मार्कस हेस या तरुणापर्यंत पोचला. तो आणि त्याचे साथीदार अमेरिकेतील संगणकांतून मिळवलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होते. १९९० मध्ये जर्मनीतील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

या कामी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. नोंद होत होती, ही एक. नोंद होताक्षणी कोणाला तरी कळत होते, ही दुसरी. आज ही दुसरी गोष्ट करण्यासाठी एक छोटी आज्ञावली पुरते. अशा छोट्या आज्ञावलीला 'स्क्रिप्ट' म्हणतात. ती लिहायला दहापंधरा ओळीही पुरतात. पण तिने नेमके काय करायचे, हे ठरवताना बऱ्याच खाचाखोचा लक्षात घ्याव्या लागतात.

खूण कोठे ठेवायची?

तुमच्या शाळेच्या कार्यालयात आवक नोंदवही असेल. आलेले प्रत्येक पत्र कारकून तिच्यात शेवटी नोंदवतात. समजा, मुख्याध्यापकांनी तुम्हाला सांगितले, "शिक्षण मंडळाचे पत्र नोंदवले गेले की मला लगेच येऊन सांग." तुम्ही काय कराल?

एक मार्ग असा, की दर थोड्या वेळाने वही उघडायची आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. मार्ग बिनचूक आहे, पण शहाणपणाचा नाही. एखाद्या लॉग फाईलमध्ये १० लाख ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ १०० बाइटची आहे असे धरा. सगळी फाईल झाली १० कोटी बाइटची. मागच्या वेळेनंतर नव्या ओळी आल्या फक्त ५, म्हणजे ५०० बाइट. ५०० बाइटसाठी १० कोटी बाइट वाचायचे, म्हणजे २ लाख पट जादा काम! शिवाय दर वेळी जुनेच पत्र नव्याने सापडणार आणि तुम्ही त्याच बातमीसाठी मुख्याध्यापकांकडे पुन्हा पुन्हा धावणार.

दुसरा मार्ग तुम्हाला सुचलाच असेल. जेथवर वाचून झाले तेथे खूण ठेवायची आणि पुढच्या वेळी खुणेपासून वाचायचे. नवी नोंद नेहमी शेवटीच होते, म्हणून ही युक्ती चालते. स्क्रिप्टची खूण म्हणजे एक संख्या : फाईलच्या सुरुवातीपासून किती बाइट वाचून झाले ती. फाईलची लांबी या संख्येपेक्षा वाढली असेल, तर वाढलेला भागच वाचायचा आणि खूण पुढे सरकवायची.

येथे पहिली खोच येते. कारकून ओळ अर्धी लिहून थांबलेले असतानाच तुम्ही वही पाहिली तर? "शिक्षण मं" एवढेच वाचून तुम्ही पुढे गेलात, तर उरलेल्या "डळ" वरून पुढच्या वेळी काहीच अर्थबोध होणार नाही. संगणकातही असे घडते. मराठी मजकुराच्या बाबतीत तर अक्षराचेच तुकडे होऊ शकतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या 'यूटीएफ-८' या पद्धतीत 'क' साठी ३ बाइट लागतात आणि 'की' साठी ६. वाचन मधल्याच बाइटवर थांबले, तर हाती अर्धे अक्षर येते. उपाय सोपा आहे. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत अपुरा तुकडा बाजूला राखून ठेवायचा, आणि ओळ पूर्ण झाली की मगच तिचा विचार करायचा.

दारात उभे राहायचे की घंटेची वाट पाहायची?

वही किती वेळाने पाहायची? दर सेकंदाला पाहायचे ठरवले तर दिवसात ८६,४०० वेळा पाहावे लागेल, आणि त्यातील बहुतेक फेऱ्या फुकट जातील. दर तासाला पाहिले तर फेऱ्या २४ च होतात, पण बातमी एक तास शिळी होऊ शकते. ठराविक काळाने जाऊन पाहण्याच्या पद्धतीत ही ओढाताण नेहमीच असते.

पोस्टमनची वाट पाहताना आपण दर मिनिटाला दार उघडून पाहत नाही. त्याने घंटा वाजवली की उठतो. संगणकात ही घंटा कोण वाजवणार? फाईलमध्ये एक अक्षर जरी लिहायचे असले, तरी कोणतीही आज्ञावली ते स्वतः परस्पर लिहीत नाही. ती संगणकाच्या कार्यप्रणालीला तशी विनंती करते, आणि लिहिण्याचे काम कार्यप्रणालीचा गाभा करतो. म्हणजे फाईल बदलल्याची बातमी सर्वांत आधी या गाभ्याला असते. मग त्यालाच सांगून ठेवले, "या फाईलमध्ये काही लिहिले गेले की मला जागे कर," तर? लिनक्स या कार्यप्रणालीत २००५ पासून 'आयनोटिफाय' नावाची अशी सोय आहे. स्क्रिप्ट झोपून राहते आणि संगणकाचा वेळ जवळजवळ खात नाही. ओळ लिहिली गेली की गाभा तिला उठवतो, ती खुणेपासून पुढचे वाचते आणि पुन्हा झोपते.

मात्र ही घंटा सर्व ठिकाणी वाजत नाही. फाईल दुसऱ्या संगणकावर असेल आणि आपण ती जाळ्यावरून पाहत असू, तर तिकडे झालेले लिखाण आपल्या संगणकाच्या गाभ्यातून जातच नाही. मग त्याला बातमी कशी लागावी? अशा वेळी ठराविक काळाने जाऊन पाहणे हाच मार्ग उरतो.

वही बदलली तर?

आता सर्वांत फसवी खोच. आवक नोंदवही भरली की कारकून काय करतात? ती कपाटात ठेवतात, कोरी वही घेतात आणि तिच्यावर तीच पाटी चिकटवतात : 'आवक नोंदवही'. तुम्ही मात्र कपाटापाशी उभे राहून जुन्या वहीच्या शेवटच्या ओळीकडे टक लावून बसलात, तर? तिच्यात नवे काही येणार नाही. तुम्हाला वाटेल, आज एकही पत्र नाही, सगळे कसे शांत आहे!

लॉग फाईल सारखी वाढत राहिली तर जागा संपेल, म्हणून ती रोज किंवा दर आठवड्याला अशीच बदलतात. जुन्या फाईलला नवे नाव देतात आणि मूळ नावाने कोरी फाईल सुरू करतात. युनिक्स घराण्यातील कार्यप्रणालींत फाईलचे नाव म्हणजे केवळ पाटी असते. फाईलची खरी ओळख म्हणजे 'आयनोड' नावाचा क्रमांक. उघडलेली फाईल स्क्रिप्ट या ओळखीनेच धरून ठेवते. नाव बदलले तरी तिच्या हातात जुनीच फाईल राहते. यात काही चूक झाल्याची सूचना मिळत नाही, स्क्रिप्ट बंदही पडत नाही. पहारेकरी जागा असतो, पण रिकाम्या घरासमोर! बंद पडलेला पहारेकरी निदान लक्षात तरी येतो. हा येत नाही.

म्हणून चांगली स्क्रिप्ट अधूनमधून स्वतःला दोन प्रश्न विचारते. एक : या नावाच्या फाईलचा क्रमांक माझ्या हातातल्या फाईलचाच आहे का? नसेल, तर जुनी फाईल शेवटपर्यंत वाचून घ्यायची आणि मग नवी फाईल उघडून शून्यापासून सुरुवात करायची. दोन : फाईलची लांबी माझ्या खुणेपेक्षा कमी झाली आहे का? तशी झाली असेल, तर कोणी तरी ती फाईल पुसून पुन्हा लिहायला घेतली आहे. अशा वेळीही खूण शून्यावर आणायची.

लांडगा आला रे आला

नवी ओळ हाती आली. आता ती पाहून ओरडायचे की नाही? परवलीचा शब्द एकदा चुकणे ही तर रोजची गोष्ट आहे. प्रत्येक चुकीला घंटा वाजवली, तर 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या पोरासारखी स्क्रिप्टची गत होईल. खऱ्या लांडग्याच्या वेळी कोणी उठणार नाही. म्हणून मोजणी करतात. एकाच पत्त्यावरून १० मिनिटांत ५ चुका झाल्या तर सूचना द्यायची, असा नियम घालतात. काही ठिकाणी स्क्रिप्ट नुसती सूचना देऊन थांबत नाही. तो पत्ताच थोडा वेळ बंद करून टाकते.

पण हा नियमही तपासून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतील सगळे संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याचे दिसतात. दिवाळीची सुटी संपवून ४० मुले वर्गात आली आणि त्यांतील पाच जण आपला परवलीचा शब्द विसरले, तर? स्क्रिप्ट साऱ्या शाळेलाच दार बंद करील! आकडा वाढवला तर सावकाश प्रयत्न करणारा चोर निसटतो; कमी केला तर साव अडकतो. हा आकडा ठरवणे हे संगणकाचे काम नाही. आपल्याकडे कोण येते, कसे वागते, हे जाणणाऱ्या माणसानेच तो ठरवायचा असतो.

आणखी एक धडा स्टोलच्या छापील कागदांतून मिळतो. आत शिरलेला चोर त्या संगणकावरची लॉग फाईलही पुसू शकतो. कागदावर उमटलेले मात्र त्याला पुसता येत नव्हते. म्हणून आजही महत्त्वाच्या नोंदींची प्रत लगोलग दुसऱ्या संगणकाकडे पाठवतात.

करून पाहा

संगणक नसला तरी हे सगळे वर्गात करून पाहता येईल. एकाने वहीत दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ लिहायची. मधूनमधून 'चुकला' हा शब्द घालायचा. दुसऱ्याने पाठ फिरवून बसायचे, ठरलेल्या वेळी वळून खुणेपासून पुढे वाचायचे आणि तीनदा 'चुकला' दिसले की हात वर करायचा. मग न सांगता वही बदलून पाहा. पहारेकऱ्याला ते किती वेळाने कळले, ते घड्याळ लावून मोजा. त्याने कोणते दोन प्रश्न विचारायला हवे होते, हे त्याला स्वतःलाच सांगू द्या.

शेवटी एक कोडे. एका विद्यार्थ्याने स्क्रिप्ट लिहिली : लॉग फाईलमध्ये 'धोका' हा शब्द असलेली ओळ दिसली की 'धोका आढळला' अशी ओळ त्याच फाईलच्या शेवटी लिहायची. रात्री एकदाच 'धोका' हा शब्द आला. सकाळी पाहतो तो फाईल फुगून सगळी जागा संपलेली! असे का झाले असेल? आणि स्क्रिप्टमध्ये कोणता एक बदल केला असता तर हे टळले असते?