डहाणू लोकल ते स्टार चेंबर

धाकटी डहाणूहून मुंबईला जायचं म्हणजे आमचं ठरलेलं : प्रोजेक्टचं सामान, लॅमिंग्टन रोड, आणि संध्याकाळची लोकल पकडून परत. वर मान करून बघायला वेळ कुणाला!

चर्चगेटसमोरची घुमटांची इमारत १८९९ साली पूर्ण झाली. बी.बी.अँड सी.आय. रेल्वेचं हे ऑफिस, आज पश्चिम रेल्वेचं मुख्यालय. आपल्या डहाणू रोडची लाइन याच कंपनीची. माथ्यावर हातात इंजिन घेतलेला पुतळा आहे. त्याचं नाव ‘इंजिनिअरिंग’. (एम-थ्रीत नापास झालेल्यांनीही नमस्कार करावा.)

अशा जुन्या ऑफिसांच्या लॉबीत पैसा मुद्दाम ओतलेला असतो. आलेल्या माणसाला पहिल्या पावलातच कंपनीचा दरारा वाटला पाहिजे. पण आज आत शिरायचं तर दारावर प्रश्न येतो, “काय काम आहे?” ‘बघायचंय’ हे काही काम होत नाही. आपण गपचूप मागे फिरतो.

म्हणून मित्रांनो, सरळ सीएसएमटी गाठा. आर्किटेक्ट तोच, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. बांधकाम १८७८ ते १८८८. तिथलं तिकीटघर म्हणजे स्टार चेंबर. संगमरवर, टोकदार कमानी, छतावर सोनेरी तारे. छताचा भार दगडी बरगड्यांतून खांबांवर उतरतो, म्हणून भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या जमतात. स्ट्रक्चर्सच्या पुस्तकातली आकृती इथे डोक्यावर उभी आहे.

रांगेत उभं राहा, मस्जिदचं तिकीट काढा. आता काम काय म्हणून कोण विचारणार?