पंचनिर्णयाची दुरुस्ती

खेळाच्या सामन्यात एका पंचाने दिलेला चुकीचा निर्णय किंवा त्याच्या नजरेतून सुटलेली घटना सहकारी पंचाच्या साहाय्याने सुधारून घेण्याची पद्धती. मैदान विस्तीर्ण व खेळ वेगवान असल्यामुळे एकाच व्यक्तीस सर्व काही सारखेच स्पष्ट दिसणे शक्य नसते. म्हणून बहुतेक खेळांत एकाहून अधिक पंच नेमून त्यांची कार्यक्षेत्रे वाटून दिलेली असतात. एकाच्या चुकीत दुसऱ्याने हस्तक्षेप करावा किंवा नाही, हा प्रश्न या विभागणीतूनच उद्‌भवतो. निर्णय अचूक असावा, तसाच तो अंतिमही असावा, या दोन अपेक्षांचा मेळ निरनिराळ्या खेळांनी निरनिराळ्या प्रकारे घातला आहे.

क्रिकेटमध्ये प्रत्येक पंच आपल्या कक्षेतील अपिलावर निर्णय देतो. एखादी गोष्ट सहकाऱ्यास अधिक चांगली दिसली असण्याचा संभव असल्यास त्याने सहकाऱ्याचा सल्ला घ्यावा आणि त्यानंतरही शंका उरल्यास फलंदाजास नाबाद ठरवावे, असा नियम आहे. पंचास स्वतःचा निर्णय बदलता येतो. मात्र तो तत्काळ बदलावा लागतो. टेनिसमध्ये रेषापंचाची चूक उघड असेल, तर मुख्य पंच ती लगेच सुधारू शकतो. कबड्डीत दोन पंचांत मतभेद झाल्यास सरपंचाचा निर्णय ग्राह्य धरतात. याउलट बेसबॉलच्या नियमानुसार, निर्णय देणाऱ्या पंचाने स्वतः विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्याच्या निर्णयावर टीका करणे वा तो फिरविण्याचा प्रयत्न करणे निषिद्ध आहे.

या बंधनाची किंमत २ जून १९१० नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २ जून २०१० रोजी, डिट्रॉइट येथील सामन्यात दिसून आली. आर्मांडो गालारागा याने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला असता, तर त्याचा डाव निर्दोष ठरला असता. परंतु पहिल्या बेसवरील पंच जिम जॉइस याने धावणाऱ्यास सुरक्षित ठरविले. चित्रफीत पाहिल्यावर जॉइसने चूक जाहीरपणे मान्य केली. तथापि निर्णय कायम राहिला. २०१४ पासून अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत चित्रफितीद्वारे फेरतपासणीची व्याप्ती बरीच वाढविण्यात आली.

सहकाऱ्याचा सल्ला घेतल्याने निर्णय अचूक होतोच, असे मात्र नाही. १९६६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडून गेला किंवा नाही, याविषयी पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांनी रेषापंच तोफिक बाहरामोव्ह यांचे मत घेऊन गोल दिला. त्याविषयीचा वाद पुढेही चालू राहिला.

वारंवार हस्तक्षेप झाल्यास पंचाचा अधिकार दुबळा होतो, खेळ रेंगाळतो व खेळाडू प्रत्येक निर्णयावर दाद मागू लागतात, असा एक पक्ष आहे. चूक दिसत असताना मौन पाळणे हा ज्या खेळाडूचे नुकसान होते त्याच्यावरील अन्याय होय, असे दुसरा पक्ष मानतो. चेंडू रेषेपलीकडे गेला काय, यांसारख्या वस्तुस्थितीच्या प्रश्नात सहकाऱ्याची साक्ष उपयुक्त ठरते. धसमुसळेपणा किती झाला, यांसारख्या तारतम्याच्या प्रश्नात मूळ पंचाचे मत प्रमाण मानणे इष्ट ठरते. फुटबॉलच्या विश्वचषकात २०१८ पासून वापरात आलेल्या चित्रफीत-साहाय्यक पंचालाही स्पष्ट व उघड चुकीपुरताच हस्तक्षेप करता येतो आणि अखेरचा निर्णय मैदानावरील पंचाचाच असतो.