रणात उतरण्यापूर्वी

पावसाळा सरून दिवाळी टेकली की बडोद्याच्या दक्षिण अंगास असलेल्या तरसालीतील मराठी घरांतून अलीकडे एक नवा बेत ऐकू येतो : गाडी काढावयाची आणि रणात जावयाचे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या या उपनगरात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या कुटुंबांची नातीगोती आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचलेली आहेत. सुट्टीत इकडचे पाहुणेही त्या गाडीत बसतील. म्हणून या हौसेविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हौस गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी आपल्या देशात सुरू केली, तेव्हापासून कित्येक वर्षे ही गाडी लष्कराच्या, वनखात्याच्या, नाहीतर निवडणुकीतील उमेदवाराच्या दिमतीला दिसे. २०१० साली ‘थार’ आली आणि २०२० साली तिचा अधिक सुखकर अवतार निघाल्यावर ती मध्यमवर्गीयाच्याही दारात उभी राहिली. वाळवंटाचेच नाव धारण करणारी गाडी दारात असल्यावर मालकाला वाळवंटाची स्वप्ने पडली तर नवल नाही. परंतु तरसालीहून सुमारे २०० किलोमीटरवर, अहमदाबाद व विरमगाम मागे टाकून दसाडा-बजाण्याकडे गेल्यावर जे लागते ते वाळूचे वाळवंट नव्हेच. नवख्या चालकाला हे बहुधा तेथे पोचल्यावर कळते, आणि कधी कधी गाडी रुतल्यावर.

गुजरातीत रण म्हणजे वाळवंट खरे. पण कच्छचे छोटे रण हा मुळात गाळाने भरत गेलेला समुद्राचा फाटा आहे. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि आखाताकडून चढणारे खारे पाणी मिळून सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचे ते मैदान जलमय होते. हिवाळ्यात पाणी आटते आणि वर भेगाळलेला कोरडा पापुद्रा उरतो. त्याखाली गाळ मात्र ओलाच राहतो. ओहोटीच्या वेळी खाडीतला चिखल ज्यांनी तुडविला आहे, खाजणाच्या बांधावरून घसरून जे गुडघाभर रुतले आहेत, त्या आमच्या वाचकांस अधिक सांगावयास नको. माणसाचे वजन पेलणारा पापुद्रा दीड-दोन टनांची गाडी पेलीलच असे नाही.

चारही चाकांना जोर मिळतो या गोष्टीचा नवशिक्यांवर नको इतका परिणाम झालेला दिसतो. साध्या गाडीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांकडे जाते. त्यांच्यामधील डिफरन्शियलची रचना अशी की, एक चाक निसरड्यावर गरगरू लागले की दुसरे स्वस्थ बसते. चारही चाके जोडली म्हणजे पुढचे एक व मागचे एक अशी निदान दोन चाके ओढीत राहतात. महिमा एवढाच. अशी गाडी रुतत नाही असे नव्हे. ती अधिक आत जाऊन रुतते! जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरीच्या वाळूत टायरमधली हवा कमी केली की चाकाचा पसारा वाढतो आणि गाडी तरते. रणाच्या गाळात या युक्तीचा भरवसा थोडा. तेथे रुतल्यावर जो ॲक्सिलरेटर दाबीत राहतो, त्याचे चाक स्वतःसाठीच खड्डा खणते. मुकाट्याने खाली उतरावे, फावड्याने गाळ उपसावा, चाकाखाली फळ्या द्याव्यात आणि दुसऱ्या गाडीला दोर बांधावा. दुसरी गाडी सोबत नसेल तर मुळात आत शिरू नये. दुपारी मृगजळ उठले की क्षितिजही पाण्यासारखे हलू लागते व दिशा उरत नाही. चाकोरी सोडून जाणे हा एरवी गुण मानला जातो. रणात मात्र चाकोरीच माणसाला परत आणते.

शिवाय ही भूमी ओसाड नाही. १९६७ साली येथील रानगाढवांची, म्हणजे गुजरातीतील घुडखरांची, संख्या अवघी ३६२ उरली होती. १९७३ साली अभयारण्य झाले, आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ घुडखर मोजले गेले. छायाचित्रासाठी त्या कळपामागे गाडी पळविणाऱ्यास आपण काही वावगे करीत आहोत असे वाटतही नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जनावराला हाकलीत नेणे हीसुद्धा शिकारच आहे. त्यासाठी बंदूक लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर परप्रांतीय पाहुण्यांनी वाळूत गाड्या घातल्या की आम्ही संतापतो, आणि तो संताप रास्त आहे. तोच न्याय बजाण्यात आपल्यालाही लागू आहे, हे कबूल करावयास जड का जावे?

रणाचे खरे जाणकार आहेत ते अगरिये. आपल्याकडील आगरी आणि तिकडचे अगरिये, दोन्ही नावांमागे मिठाचे आगरच. पाणी ओसरले की ही कुटुंबे आत जातात, भूगर्भातील खारे पाणी उपसून उन्हाळा सरेपर्यंत मीठ पिकवितात आणि पावसाआधी परततात. कोणता पट्टा पायाखाली टणक आणि कोणता फसवा हे त्यांना नजरेने कळते. अशांपैकी अनेकांना सरकारी सर्वेक्षणाच्या यादीत नाव नाही म्हणून २०२३ च्या हंगामात आपल्याच आगरात जाण्यास अटकाव झाला. २०२४ साली लहान अगरियांना राज्य सरकारने दिलासा दिला हे चांगलेच झाले. तरीही पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याने हक्काचा कागद दाखवावा आणि सहलीला आलेल्याने तिकीट फाडून खुशाल आत जावे, यातला विपर्यास आमच्या नजरेआड होत नाही. प्रवेशशुल्कातला काही वाटा अगरियांच्या पाण्यावर व शाळांवर खर्च व्हावा आणि वाटाड्याचे काम प्रथम त्यांच्या मुलांना मिळावे, अशी आमची सूचना आहे.

पावसाळ्यातील बंदीनंतर अभयारण्य ऑक्टोबरच्या मध्यास उघडते, पण जमीन त्या तारखेला वाळत नाही. नवख्यांनी डिसेंबरपर्यंत थांबावे हे बरे. परवाना घेताना वाटाड्याच्या पैशांवरून घासाघीस करू नये, आगराच्या बांधावरून चाक नेऊ नये आणि पिण्याचे पाणी घरूनच भरपूर भरून घ्यावे. अगरियांच्या झोपड्यांना ते टँकरने येते.