बारा मुखांतून एक शब्द

न्यायाधीशानें निकाल द्यावा, हें आपणांस इतकें अंगवळणीं पडलें आहे, कीं बारा अनोळखी माणसांना एका खोलींत कोंडून त्यांच्या हातीं एखाद्याचें स्वातंत्र्य सोंपवावें, ही कल्पना आमच्या तरुण वाचकांस विचित्रच वाटेल. 'ज्यूरी' हा शब्द घरांतील वडील माणसांच्या तोंडीं अद्याप आहे; परंतु त्या बंद दाराआड विचार कसा होतो आणि बारांचा एक शब्द कसा बनतो, हें फारसें कोणी सांगत नाहीं. विषय कायद्याचा दिसला, तरी ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात व कोणाचा ना कोणाचा न्याय रोज करावा लागतो, त्या घरास तो परका नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कामाची वांटणी पाहूं. कायदा काय आहे हें न्यायाधीशानें सांगावयाचें. घडलें काय, हें ज्यूरीनें ठरवावयाचें. पुरावा संपला आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचीं भाषणें झालीं, म्हणजे न्यायाधीश पुराव्याचें सार सांगून कायदा समजावून देतो. नंतर ज्यूरी आपल्या खोलींत जाते. तिच्यांतील एक जण प्रमुख असतो. चर्चा चालविणें व शेवटीं निकाल बोलून दाखविणें हें त्याचें काम. बाहेरच्या माणसाशीं खटल्याविषयीं बोलावयाचें नाहीं. आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नसेल, तर आरोपीस सोडावयाचें. आणि निकालाचीं कारणें द्यावयाचीं नाहींत. 'दोषी' अथवा 'निर्दोषी' एवढेंच सांगावयाचें.

हें स्वातंत्र्य सहज मिळालेलें नाहीं. १६७० सालीं लंडनमध्यें विल्यम पेन व विल्यम मीड ह्या दोन क्वेकर पंथीयांवर, रस्त्यावर प्रवचन करून बेकायदा जमाव जमविल्याचा खटला झाला. ज्यूरीतील चौघे जण इतरांशीं सहमत होईनात. त्यांत एडवर्ड बुशेल हा मुख्य होता. पुढें सर्वांनीं मिळून सांगितलें, कीं पेन रस्त्यावर बोलला, एवढें खरें. ह्या उत्तरानें न्यायासनाचें समाधान झालें नाहीं. अन्न, पाणी व शेकोटी ह्यांवांचून ज्यूरीला दोन रात्री कोंडून ठेवण्यांत आलें. बाहेर आल्यावर बाराही जणांनीं एकमुखानें 'निर्दोषी' म्हणून सांगितलें! तेव्हां प्रत्येकास चाळीस मार्क दंड झाला व तो भरीपर्यंत तुरुंग. बुशेलनें दंड न भरतां वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागितली, आणि सरन्यायाधीश व्हॉन ह्यांनीं ठरविलें, कीं निकाल पसंत नाहीं म्हणून ज्यूरीस शिक्षा करतां येणार नाहीं. ह्याच पेननें पुढें अमेरिकेंत पेनसिल्व्हानियाची वसाहत स्थापिली.

परंतु राजसत्तेचा दाब गेला, म्हणून सोबत्यांचा दाब जातो असें नाहीं. शिकागो विद्यापीठाचे काल्व्हेन व झायझेल ह्या दोघां पंडितांनीं अमेरिकेंतील ज्यूरींचा मोठा अभ्यास १९६६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांत आढळलें, कीं पहिल्या मतदानांत ज्या बाजूस बहुमत असेल, तोच निकाल सुमारें दहांपैकीं नऊ वेळां कायम राहतो. मग उरलेल्या चर्चेचा उपयोग काय? ह्याचें उत्तर १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत सांपडतें. रीड हेस्टी व त्यांचे सहकारी ह्यांनीं कृत्रिम ज्यूरी बसवून पाहिल्या. कांहीं ज्यूरी खोलींत शिरतांच मतें घेत. मग जो तो आपल्या मताला पोषक तेवढाच पुरावा पुढें करी. कांहीं ज्यूरी आधीं घडलेल्या गोष्टीची संगति लावीत व मत शेवटीं विचारीत. दुसऱ्या रीतीस वेळ अधिक लागे, परंतु पुराव्याची छाननीही अधिक कसून होई.

ह्या भेदाचें मर्म आम्हांस ग्रंथ वाचून कळलें नाहीं. त्याची किंमत आधींच दुसऱ्या कोणी तरी भरली होती. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, दोन विद्यार्थ्यांनीं एका समासाचा विग्रह एकाच विलक्षण रीतीनें चुकविल्याचें आढळलें. मागच्या बांकावरच्या मुलानें पुढच्याचें पाहून लिहिलें, असा आरोप आला. आम्ही पांच शिक्षक विचारास बसलों. 'दोषी वाटतो त्यांनीं हात वर करावा,' असें बैठकीच्या आरंभींच सांगण्यांत आलें. चार हात वर गेले. आमच्या मनांत शंका होती: नक्कल करणारा एकच चूक कां उचलील? बाकीचीं उत्तरें तर निरनिराळीं होतीं. परंतु चार वडीलधाऱ्या सहकाऱ्यांपुढें ती शंका क्षुल्लक वाटली, आणि आमचाही हात वर गेला. सारें काम दहा मिनिटांत आटोपलें. मुलाचें वर्ष बुडालें.

पुढल्या वर्षीं तिसऱ्याच एका विद्यार्थ्याच्या वहींत तोच चुकीचा विग्रह दिसला. चौकशी केली, तों तिघेही एकाच खासगी शिकवणीस जाणारे निघाले. चूक तेथील टिपणांतली होती. तोंवर त्या मुलानें शाळा सोडली होती. आम्ही त्याच्या घरीं गेलों व सर्व हकीकत सांगितली. त्याचे वडील रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, 'मास्तर, ही शंका आपणांस त्या दिवशीं आली नव्हती काय?' ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

एका गृहस्थाच्या मताचें मोल किती, हें ज्या त्या देशाचा कायदा ठरवितो. इंग्लंडांत पूर्वीं बाराही जणांचें एकमत लागे. १९६७ पासून, निदान दोन तास विचार झाल्यावर, दहांचें मत चालूं लागलें. अमेरिकेंत गंभीर गुन्ह्यांत एकमत हवेंच, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. इकडे हायकोर्टांत ज्यूरी नऊ जणांची असे. सहांचें मत व त्यास न्यायाधीशाची संमति एवढें पुरे होई. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यांत बरोबर असेंच झालें. सहा युरोपियन एका बाजूस व तीन हिंदी गृहस्थ दुसऱ्या बाजूस! १९०८ सालीं सात युरोपियनांनीं दोषी म्हटलें व दोघां पारशी गृहस्थांनीं निर्दोषी. लेख मराठी, आणि त्यांचा न्याय भाषांतरावरून! सुमारें सव्वा तासांत विचार संपला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 'आपल्या बरोबरीच्यांकडून न्याय' हें ज्यूरीचें ब्रीद. ती बरोबरीच जेथें नाहीं, तेथें मतांची मोजदाद करून काय होणार?

तथापि दोष केवळ परकीयांच्या ज्यूरींतच होता, असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९५९ सालीं मुंबईंत नौदलाचे कमांडर नानावटी ह्यांच्यावरील खुनाच्या खटल्यांत ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांस निर्दोषी ठरविलें. न्यायाधीशांस तें पटलें नाहीं. त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. तेथें नानावटी दोषी ठरले, व १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला. ह्या एका खटल्यानें ज्यूरी बुडाली असें पुष्कळ लोक म्हणतात. परंतु विधि आयोगानें १९५८ सालींच ती बंद करण्याची शिफारस केली होती. आणि १९७३ च्या फौजदारी संहितेंत तिला स्थान उरलें नाहीं. पारशी विवाहविषयक न्यायालयांतील प्रतिनिधींच्या रूपानें मात्र तिची एक छाया राहिली आहे.

ज्यूरी गेली, म्हणून तिचा धडा गेला असें नव्हे. आपल्या धर्मशास्त्रांत सभ्यांची संख्या सात, पांच किंवा तीन अशी विषम सांगितली आहे. आणि मनूचें म्हणणें असें, कीं सभेंत एक तर जाऊं नये, गेल्यास खरें बोलावें. तेथें खोटें बोलणारा व मौन धरणारा हे दोघेही सारखेच दोषी. हें वचन आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें होतें, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

घरांत पैसे सांपडत नाहींत, भांडें फुटतें, मुलांचें भांडण विकोपास जातें. वडीलधारे बोलून गेले, कीं मागाहून सून किंवा धाकटें मूल काय बोलणार? म्हणून आमच्या घरीं हल्लीं एवढाच नियम आहे: आधीं काय घडलें तें सर्वांनीं सांगावयाचें, दोष कोणाचा, हें शेवटीं, आणि बोलण्यास आरंभ सर्वांत धाकट्यानें करावयाचा. आमची पाळी सर्वांच्या मागून येते.